पुंडलिकभाऊंची शिंक

आमच्या गावात शिंकायची मुभा सगळ्यांना होती, एका पुंडलिकभाऊंना सोडून. दुसरं कुणी शिंकलं तर त्याला सर्दी झालेली असे. पुंडलिकभाऊ शिंकले की गावाचं काहीतरी बिघडलेलं असे.

आमचं गाव धामणगाव बढ्याच्या बाजारावर जगणारं. कापूस, ज्वारी, थोडी मिरची, ज्याच्या मळ्यात विहीर त्याच्याकडे वांगी आणि कांदे. पुंडलिकभाऊंचं घर आमच्या घराला लागून, मधली भिंत मातीची. त्यांच्या शिंकेने आमच्या फळीवरची झाकणं हलतात असं माझी आई म्हणायची. ते काही खरं नव्हतं, पण आमची सकाळ त्यांच्या शिंकांनीच व्हायची हे खरं. उठले की सुरू. एक शिंक संपते न संपते तोच दुसरी, मग तिसरी, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. डोळे लाल, नाक वाहतंय, तोंड उघडं टाकून ओट्यावर बसलेले. खांद्यावरचं उपरणं न्याहारीपर्यंत पिळायला येई. खळ्यावर ज्वारीची मळणी सुरू झाली किंवा घरात कापसाचा ढीग पडला की मग तर आडवं होता येत नसे. नाक पार बंद. भिंतीला पाठ लावून, बसल्या बसल्या डोळा लागेल तेवढीच झोप.

आज मी सरळ सांगतो की तो ॲलर्जीचा आजार होता. तेव्हा हा शब्द गावात कुणाला माहीत नव्हता. मलाही नव्हता, आणि मी तर आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला. बी.ए.ला नाकाबद्दल काही शिकवत नाहीत. गावाकडे मात्र या दुखण्यासाठी शब्द तयार होता. अपशकुन.

माणूस दिसायला चांगला होता. उंच, रुंद खांद्यांचा, मिशी राखलेली. पण ती मिशी नीट कुणी पाहिलीच नाही, कारण उजव्या हाताचं बोट सदा तिच्यावर आडवं दाबलेलं. शिंक येणार हे त्यांना जरासं आधी कळे. मग भुवया वर जात, मान किंचित मागे जाई, आणि दारात पाहुणा यावा तसं ते हळूच सांगत, "आली." आजूबाजूच्यांनी काय ती खबरदारी घ्यावी. कुणी वहाणेत पाय घालत असेल तर पाय मागे घेई. कुणी गावाला निघालं असेल तर पुन्हा ओट्यावर टेके, पाणी पिई, आणि पुंडलिकभाऊंच्या घराकडे एकदा रोखून पाहून मग निघे.

"हे नाक माहं नाही मास्तर," ते मला म्हणायचे. "गावाचं हाय. मी फक्त वागवून राह्यलो."

मी धामणगावच्या शाळेत शिक्षक झालो तेव्हापासून ते मला मास्तर म्हणत. वयाने माझ्यापेक्षा पुष्कळ मोठे, पण मग पुन्हा कधी अरे-तुरे केलं नाही. त्याला कारण घडलं होतं ते माझ्या परीक्षेच्या वेळी. बी.ए.च्या शेवटच्या परीक्षेला मी निघालो, ट्रंक डोक्यावर, आई दारात दही घेऊन उभी, आणि पलीकडच्या ओट्यावरून शिंक आली. साधी नाही, चांगली घर हलवणारी. आईचा चेहरा पडला. "बस जरासाक," ती म्हणाली. मला बस गाठायची होती. मी म्हणालो, "त्यांच्या नाकात धूळ गेली, माझ्या पेपरात नाही," आणि निघालो. पुंडलिकभाऊ ओट्यावरून धावत आले. हात जोडून म्हणाले, "बापू, बस ना. पानी पे. माह्यावर आळ नको आणू." मी बसलो नाही. पास झालो, दुसऱ्या वर्गात. निकालाच्या दिवशी ते पेढा मागायला स्वतः आले आणि गल्लीतून ओरडत गेले, "माह्या शिंकेवर गेला अन् पास झाला, पाहा." गावाने ते ऐकलं. लक्षात कुणी ठेवलं नाही. गाव कोणती शिंक लक्षात ठेवतं याचं गणित मला तेव्हा कळलं, आणि तेव्हापासून गावाच्या शहाणपणाबद्दलचा माझा आदर संपला.

पेरणीला तिफणीची पूजा व्हायची. घरचे सगळे शेतात जमत. पुंडलिकभाऊंना त्या दिवशी पलीकडच्या मळ्यात मोटेवर पाठवलं जाई. त्यांचे मोठे भाऊ महादेवराव घरचे कारभारी. दोघांची शेती एकत्र होती, पण नारळ फोडणारा हात महादेवरावांचाच. लग्नाला पुंडलिकभाऊ वऱ्हाडात सगळ्यांत मागे चालत आणि मंगलाष्टकं सुरू झाली की आपणहून मांडवाबाहेर बैलगाड्यांजवळ जाऊन बसत. कुणी सांगायची गरज नव्हती. सांगण्याचा काळ त्यांच्या लहानपणीच होऊन गेला होता.

त्यातही हा माणूस हसायचा. एकदा गावातला एकजण नारळ घेऊन त्यांच्याकडे आला. त्याच्या भावकीतले लोक बांधाच्या भांडणावरून त्याच्याच विरुद्ध दुसऱ्या दिवशी मलकापूरच्या कोर्टात जाणार होते.

"पुंडलिकभाऊ, सकाळी ते निंगाले का तेवढं यक शिंकून देजा," तो म्हणाला.

पुंडलिकभाऊंनी नारळ हातात घेतला, हलवून पाणी पाहिलं, आणि परत त्याच्या हातात दिला. "शिंक काय माह्या घरची म्हैस हाय का बे, पान्हावली का पिळून घेतली?"

तो उठून गेल्यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो. सकाळी भावकीचे लोक निघाले तेव्हा पुंडलिकभाऊ तोंडावर गोधडी धरून आतल्या खोलीत बसले होते. तरी शिंक आलीच. भिंतीतून ऐकू गेली. ते लोक खटला हरले, आणि नारळवाल्याने स्वतःच बाजारात सांगितलं की पुंडलिकने आपलं काम केलं. हसण्यावारी नेण्यासारखं यात काही उरलं नाही. खटला हरलेल्या घराने पुंडलिकभाऊंशी बोलणं टाकलं.

पण हे सगळं सहन करण्यासारखं होतं. कमलचं झालं ते नव्हतं.

कमल त्यांची थोरली. देखणी, माझ्याकडे रात्रीच्या वर्गात चौथीपर्यंत शिकलेली. सोनाळ्याकडचं चांगलं स्थळ आलं. साक्षगंधाला पाहुणे आले, अंगणात सतरंजी, मुलीच्या कपाळाला कुंकू लावायचं एवढंच बाकी. बापाने एकदा तरी लेकीचं सुख डोळ्यांनी पाहावं म्हणून गोदावरीवहिनींनी त्यांना दाराच्या आत उभं केलं होतं. ताटातलं कुंकू उचललं आणि दाराआडून शिंक आली. बोट दाबून, उपरणं कोंबून, सगळं करून आली. मुलाच्या मामाने कुंकवाची चिमूट ताटात परत टाकली. भांडण नाही, आवाज नाही. पाहुण्यांनी चहा घेतला, पान घेतलं, "कयवतो" म्हणाले आणि बैल जुंपले. कळवलं नाही. ती गोष्ट पंचक्रोशीत फिरली. कमलला नंतर एक बिजवर मिळाला, तिच्या बापापेक्षा थोडासाच लहान.

कमल सासरी गेली त्या दिवसापासून पुंडलिकभाऊंनी हसणं कमी केलं. धाकटी शांता तेव्हा परकर नेसत होती. एक दिवस माझ्या ओट्यावर येऊन ते म्हणाले, "मास्तर, हे नाक कापून भेटते का कुठी?"

महाराष्ट्र नवाच झाला होता. जिल्हा परिषदा आल्या होत्या, गावोगावी लसीकरणाचे लोक फिरत होते, आणि आपल्यालाही काही मिळेल अशी हवा होती. मी चौकशी केली. अकोल्याला नाक-कान-घशाचे एक जुने डॉक्टर होते. आम्ही नांदुऱ्याहून गाडी धरली. डॉक्टर इंग्रजी बोलला तर समजायला माणूस हवा म्हणून मी.

डॉक्टर कपाळाला गोल आरसा बांधून बसले होते. नाकपुडीत चिमटा घालून त्यांनी बराच वेळ आत पाहिलं. मग एका जुन्या तक्त्यावर बोट ठेवून समजावलं, आणि चांगलं मराठीतच समजावलं. नाकात दोन्ही बाजूंना मांसाच्या गाद्या असतात. आत येणारी हवा उबदार करायची, ओली करायची, धूळ अडवायची हे त्यांचं काम. यांच्या रक्तालाच धुळीचं वावडं आहे, म्हणून धूळ लागली की गाद्या फुगतात, पाणी सुटतं, शिंका येतात. गोळ्या आहेत, त्यांनी दिवसभर झोप येईल. शस्त्रक्रिया म्हणाल तर तीन गोष्टी करता येतात. गाद्यांना विजेच्या तारेने डाग द्यायचा, त्या आकसतात. मधला पडदा वाकडा आहे, त्याचं हाड काढून तो सरळ करायचा. आणि अगदीच गरज पडली तर गादीचा खालचा काठ थोडासा कापायचा. थोडासाच.

"बैलाले देतात तसा डाग?" पुंडलिकभाऊंनी विचारलं.

"तसाच. पण बैल दुखणं सांगत नाही, तुम्ही सांगाल. गाद्या पुन्हा फुगू शकतात, मग पुन्हा यावं लागेल. श्वास मोकळा होईल."

"श्वासाचं जाऊ द्या साहेब. शिंक बंद होईन का?"

डॉक्टर म्हणाले, "शिंक शस्त्राने जात नाही. वाट मोकळी होते. वावडं रक्तात आहे, ते राहणारच. पण शिंकेने तुमचं काय बिघडतं? त्रास तर श्वासाचा आहे."

पुंडलिकभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टरांना सांगितलं. कमलचं सांगितलं, तिफणीचं सांगितलं. त्यांनी आरसा कपाळावरून काढला. "माझ्याकडे नाकाचा इलाज आहे," ते म्हणाले, "गावाचा नाही."

तरी डाग घेतला. जळक्या मांसाचा वास आपल्याच नाकात आपणच घेतला असं पुंडलिकभाऊ नंतर सांगत. चार दिवस डोकं धरून होते. मग खरंच फरक पडला. रात्री आडवं होऊन झोपू लागले. गोदावरीवहिनी म्हणायच्या, लग्न झाल्यापासून नवऱ्याला घोरताना पहिल्यांदा ऐकलं. शिंका कमी झाल्या, पण गेल्या नाहीत. पुढच्या कापसाच्या हंगामात नाक पुन्हा भरलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच. पुंडलिकभाऊ पुन्हा अकोल्याला जायला तयार होते. शांताचं लग्न ठरलं नसतं तर गेलेही असते.

शांताला नांदुऱ्याजवळच्या गावातलं स्थळ मिळालं. मोठे बागायतदार, घरी मोटारसायकल. साक्षगंधाच्या दिवशी पुंडलिकभाऊंना मळ्यात पाठवलं होतं, सगळं सुरळीत पार पडलं. मग त्याच संध्याकाळी ओट्यावर महादेवरावांनी विषय काढला. मी तिथेच होतो.

"कन्यादान मी करतो," महादेवराव म्हणाले.

"पोरगी माही हाय, दादा."

"कमलच्या वेळेसही तुहीच होती."

पुंडलिकभाऊंचं बोट मिशीवर गेलं. महादेवराव वाईट माणूस नव्हते, हे मी मुद्दाम लिहितो. वाईट माणसाने एवढं नुकसान केलं नसतं, कारण वाईट माणसाचं कुणी ऐकत नाही. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "तुले बसायचंच असन तं नाकाचा पक्का बंदोबस्त कर. मी यकाचं नाव आयकलं. ते डाग-बीग देत नाही, मुयापासून काढते."

मी म्हणालो की अकोल्याच्या डॉक्टरांनी 'थोडंसं' म्हणून दोनदा सांगितलं होतं. महादेवराव माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुम्ही मास्तर, शिकले-सवरले. तुम्हाले पोट्टी उजवायची नाही." ते खरं होतं. मला तेव्हा मूलच नव्हतं. पण मुद्दा तो नव्हता, आणि मी तसं सांगितलं. पुंडलिकभाऊंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बसू द्या मास्तर. यकदाची निपटू द्या."

तो दुसरा डॉक्टर कोणत्या शहरात होता ते लिहीत नाही, माणूस आता हयात नाही. महादेवराव भावाला घेऊन गेले. दिवाळी होऊन गेली होती. परत आले तेव्हा पुंडलिकभाऊंच्या दोन्ही नाकपुड्यांत कापडाच्या वाती ठासलेल्या, चेहरा सुजलेला, आणि डोळ्यांत मी कधी पाहिला नव्हता असा आनंद. डॉक्टरने कापलेलं मांस पत्र्याच्या ताटलीत घालून दाखवलं होतं. "बोकडाच्या कलेजीवाणी होतं मास्तर," ते नाकातून न बोलता तोंडातून बोलत होते. "इतकं वज्जं मी जनमभर नाकात घेऊन हिंडलो." वाती काढल्या तेव्हा त्यांनी मला बोलावून श्वास घेऊन दाखवला. सू करून हवा आत, सू करून बाहेर. "आरपार वारा जाते. बंगल्यासारखं झालं."

त्या साली मळणी सुरू झाली तेव्हा ते खळ्यावर गेले. ज्या खळ्याच्या वाऱ्यालाही ते उभे राहत नसत, त्या खळ्याच्या ऐन मध्यावर जाऊन उभे राहिले. भुसा उडतोय, धूळ डोक्यावर बसतेय, आणि हा माणूस दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा. बोट मिशीवर नव्हतं. लोक कामं सोडून गोळा झाले. कुणीतरी म्हणालं, "आता येईन, पाहा." आली नाही. गावाने त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची मिशी पाहिली असेल. ते मला म्हणाले, "आता मले कोनी उठवून दाखवावं."

वैशाखात शांताचं लग्न झालं. कन्यादानाला पुंडलिकभाऊ पाटावर बसले. नवं धोतर, नवा फेटा, शेजारी गोदावरीवहिनी. लेकीच्या हातावरून पाणी सोडताना त्यांचं बोट मिशीकडे एकदाही गेलं नाही. मी समोर अक्षता घेऊन उभा होतो. तेवढ्यात मांडवात शिंक आली. सगळ्यांच्या माना एकदम पुंडलिकभाऊंकडे वळल्या. शिंकले होते ते पुंडलिकभाऊ नव्हते, नवरदेवाचे वडील होते. तपकीर ओढायची त्यांना सवय होती. त्यांनी लागोपाठ आणखी दोन दिल्या, रुमालाने मिशी पुसली. भटजी थांबले नाहीत. आणि महादेवराव हसून म्हणाले, "सत्य हाय, सत्य हाय." सगळा मांडव हसला.

पुंडलिकभाऊ हसले नाहीत. त्यांनी महादेवरावांकडे पाहिलं, मग व्याह्यांकडे, मग पुन्हा लेकीच्या हाताकडे. त्या क्षणी त्यांच्या मनात काय आलं असेल ते मला विचारायची हिंमत झाली नाही. माझ्या मनात आलं ते सांगतो. शिंकेचा अर्थ शिंकेत नसतोच. ज्याच्या घरी मोटारसायकल असते त्याची शिंक सत्य असते.

पण मांडवात आणखीही काही होतं. नवरदेव पाटावर अंग चोरून बसला होता. पंगतीला लोक बसले तेव्हा आमच्या बाजूला कुणीतरी कुजबुजलं, मांडवात काही मेलं की काय. दोघातिघांनी चटया उचलून खाली उंदीर शोधला. मला तो वास थोड्या दिवसांपासून माहीत होता. पुंडलिकभाऊ ओट्यावर येऊन बसले की यायचा. मी आधी गटाराचा समजलो होतो. त्या दिवशी पंगतीत ते माझ्या पानात बुंदी वाढायला वाकले आणि मला कळलं की उंदीर नाही. त्यांना स्वतःला काहीच येत नव्हतं. मुंडावळ्यांचा मोगरा हुंगून ते मला म्हणाले होते, "औंदा मोगऱ्याले वास नाही मास्तर."

पुढच्या वर्षभरात सगळं उलगडत गेलं. नाक आतून कोरडं पडलं, खपल्या धरू लागल्या, हिरव्या, कडक, आणि त्या सडत. हवा आरपार जायची पण गेल्याचं त्यांना समजत नसे. बसल्या जागी गुदमरल्यासारखे दचकून उठत. "वारा जाते, पन पोचत नाही," म्हणत. जेवणाला चव नव्हती. आणि वास. तो घरात शिरला की दिव्याची वात बारीक करून लोक झोपायचं निमित्त काढत.

त्यांना कुणीही सांगितलं नाही. शिंकेच्या वेळी जे गाव गल्लीगल्लीतून ओरडायचं, ते आता सभ्य झालं होतं. लोक नुसते थोडं सरकत. पारावर ते आले की कुणाला म्हशीची आठवण होई, कुणाला बाजाराची. महादेवराव जेवायला वेगळे बसू लागले, पित्ताचं कारण सांगून. पुंडलिकभाऊंना वाटायचं की शिंक गेली तरी लोकांच्या मनातून गेली नाही. "हे अजून भेतात मास्तर," ते म्हणायचे. "काऊन भेतात? मी तं आता शिंकतही नाही."

सांगितलं शांताने. ती पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ झालं, आणि बापाने नातवाला उचलायला हात पुढे केले, तेव्हा तिने बाळ मागे घेतलं. मग रडत रडत सांगितलं. सासरचे काय बोलतात, मांडवात काय शोधत होते, सगळं. त्या संध्याकाळी पुंडलिकभाऊ माझ्याकडे आले, पण ओट्यावर चढले नाहीत. खाली, गल्लीत उभे राहिले.

"माह्या पोरीनं सांगतलं," ते म्हणाले. "साऱ्या गावात यकाच्या तोंडून निंगालं नाही. शिंक असती तं बोंबलले असते." मग वर माझ्याकडे पाहून, "तुम्हालेही येत होता ना?"

"हाव," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "अकोल्याले येता का?"

त्या जुन्या डॉक्टरांनी पुन्हा आरसा बांधला, पुन्हा चिमटा घातला. या वेळी तक्त्याकडे बोट नेलं नाही. माझ्याकडे वळून इंग्रजीत विचारलं, हे कुणी केलं? मला इंग्रजी समजायला नेलं होतं ते अशा वेळी कामाला आलं. ते म्हणाले की आत काहीच ठेवलेलं नाही. ज्याने हवा ओली होते ते सगळं कापून टाकलं. कापलेली गादी पुन्हा वाढत नाही आणि कुणाला लावताही येत नाही. मिठाच्या पाण्याने रोज नाक धुवा, ग्लिसरीनचे थेंब सोडा. वास कमी होईल, जाणार नाही.

"काय म्हनतात?" पुंडलिकभाऊंनी विचारलं.

मी ग्लिसरीनचं सांगितलं. बाकीचं त्यांनी माझ्या तोंडावरून वाचलं. निघताना डॉक्टरांना नमस्कार करून म्हणाले, "साहेब, तुम्ही बरोबर सांगतलं होतं. मले वेळ नव्हता."

त्यानंतर त्यांनी मळ्यातल्या खोपटात राहायला सुरुवात केली. पूर्वी गाव त्यांना मळ्यात पाठवायचं, आता ते आपल्या मनाने गेले. फरक काय तो एवढाच. महादेवराव एकदा बोलवायला गेले होते म्हणे, खरंच मनापासून. "घरी चाल, लोक नावं ठेवतात." पुंडलिकभाऊ म्हणाले, "दादा, लोकाइले ठेवू द्या. त्याइले सवय हाय." गोदावरीवहिनी भाकर घेऊन जायच्या, समोर बसून जेवू घालायच्या. त्या एकट्याच अंतर न ठेवता बसत. त्यांना वास येत होता की नाही, कधी बोलल्या नाहीत.

माझी बदली नांदुऱ्याला झाली आणि भेटी कमी झाल्या. शेवटचं पाहिलं ते नांदुऱ्याच्या स्टेशनवर. मी कुणाला तरी सोडायला गेलो होतो. फलाटाच्या पार टोकाला, शेड संपल्यानंतरच्या बाकाजवळ पुंडलिकभाऊ उभे दिसले. केस पांढरे झाले होते, मिशी कापलेली होती. समोर शांता, डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेला डबा, आणि कडेवरून उतरू पाहणारा मुलगा. माझ्याबरोबरच्या माणसाने सांगितलं की ती बाई महिन्यातून एकदा अशीच येते, सासरी बापाला येऊ देत नाहीत म्हणून. मी पुढे जाणार होतो. पण पुंडलिकभाऊ खाली वाकले, चिमूटभर माती उचलली आणि खळ्यावर वाऱ्याचा अंदाज घ्यावा तशी वरून सोडली. माती रुळांकडे उडाली. मग त्यांनी लेकीला बाकाच्या अलीकडच्या टोकाला बसवलं आणि स्वतः रुळांकडच्या टोकाला बसले. पोरगा आईच्या हातातून सुटला आणि धावत जाऊन आजोबांच्या मांडीवर चढला. शांताने त्याला अडवलं नाही. पुंडलिकभाऊंनी त्याला दोन्ही हातांनी घट्ट धरलं, आणि तोंड रुळांकडे फिरवलं.

मी हाक मारली नाही. पोरगा त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे ओढत होता, आणि ते वळत नव्हते.